दारावरचा दुभाषी

जिच्यावाचून आपले पान हलत नाही, ती गोष्ट बहुधा आपल्या डोळ्यांसमोर नसते. नळाला पाणी येते तेव्हा पाणी सोडणारा माणूस कोणाला आठवत नाही. तो आठवतो पाणी न आल्याच्या दिवशी. आज आपल्या हातातला मोबाइल फोन, बँकेतला संगणक, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातली यंत्रे, या साऱ्यांच्या पोटात आज्ञावलींचा एक लहानसा संच असतो. त्याचे नाव सामान्य माणसाने ऐकलेले नसते आणि ते ऐकण्याचे त्याला काही कारणही नसते. परंतु फोनवर छायाचित्र साठवले, पत्र पाठवले किंवा नुसती वेळ पाहिली, तरी दर वेळी हा संच मध्यस्थी करीत असतो. संगणकाच्या निरनिराळ्या जाती आणि त्यांवर राज्य करणाऱ्या निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीम, या सर्वांशी त्या त्या रीतीने बोलणारी ही लायब्ररी चालती ठेवणे, तिची वर्षानुवर्षे देखभाल करणे, हे काय काम आहे, ते मला आज आपणांस सांगावयाचे आहे.

हे भाषण मी बंगळुरूच्या इंदिरानगरात बसून लिहिले आहे, आणि ही जागा या विषयाला अगदीच परकी नाही. या उपनगरातल्या एका मोठ्या भागाला ‘एच. ए. एल. दुसरा टप्पा’ असे नाव आहे. एच. ए. एल. म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स. तिचे मूळ शोधू लागलो, तर आपण सोलापूरला येऊन पोहोचतो. कारण सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली आणि पुढे तिचेच आजचे रूप झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कारखान्यात अमेरिकन विमानांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर होत असे. विमान बनविणाऱ्याचे नाव होते, विमान उडविणाऱ्याचे त्याहून होते. पण दुसऱ्याने बनविलेले विमान पुन्हा आकाशात जाण्यालायक करून देणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. आज याच परिसरात शंभर फुटी रस्त्यावरच्या उपाहारगृहांच्या गर्दीत, वरच्या मजल्यांवर, सॉफ्टवेअरची लहानमोठी कार्यालये आहेत. धंदा बदलला, पण बनविणे आणि राखणे यांच्या मानमरातबातले अंतर मात्र बदललेले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्याला असे वाटते की आपली आज्ञावली डिस्कवर लिहिते, पडद्यावर अक्षरे काढते, जाळ्यावरून निरोप धाडते. वास्तविक ती यांतले काहीही स्वतः करीत नाही. प्रोसेसरच्या रचनेतच दोन दर्जे असतात. एक दर्जा सर्वाधिकारी, दुसरा मर्यादित. सर्वाधिकार फक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, ज्याला कर्नल म्हणतात त्याला, दिलेला असतो. बाकी सर्व आज्ञावली भिंतीच्या अलीकडे. त्यांनी हिशेब करावा, शब्द जुळवावे. परंतु यंत्राच्या एकाही अवयवाला परस्पर हात लावावयाचा नाही. काही हवे असेल तर गाभ्याला हाक मारावयाची. या हाकेलाच ‘सिस्टीम कॉल’ म्हणतात.

मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. आत साहेब आहेत, दप्तर आहे, शिक्के आहेत. बाहेर रयत आहे. रयतेने आत शिरावयाचे नाही. खिडकीतून अर्ज द्यावयाचा. पण अर्ज साधा बोलण्यासारखा चालत नाही. त्याचा नमुना ठरलेला, क्रमांक ठरलेला, कोणत्या रकान्यात काय लिहावे हेही ठरलेले. म्हणून कचेरीबाहेर झाडाखाली एक अर्ज लिहून देणारा बसतो. खेडूत त्याला आपल्या भाषेत सांगतो, तो ते कचेरीच्या भाषेत उतरवितो, आणि आतून आलेला शेरा पुन्हा खेडुताला समजेल असा वाचून दाखवितो. आपली लायब्ररी म्हणजे हा अर्ज लिहून देणारा. फरक इतकाच, की याला एकाच कचेरीचे नव्हे, तर डझनावारी कचेऱ्यांचे नमुने पाठ असावे लागतात, आणि तो एका सेकंदात लक्षावधी अर्ज लिहितो.

कचेऱ्या किती वेगळ्या असाव्यात? एकच उदाहरण घेऊ. ‘एवढी अक्षरे लिही’ ही अगदी प्राथमिक मागणी. जुन्या युनिक्सच्या वहिवाटीत तिचा क्रमांक चार. लिनक्सने इंटेलच्या बत्तीस-बिटी प्रोसेसरवर तोच क्रमांक ठेवला. पुढे चौसष्ट-बिटी प्रोसेसर आले, तेव्हा यादी नव्याने मांडली गेली आणि त्याच मागणीचा क्रमांक एक झाला. आज बहुतेक मोबाइल फोनांत असलेल्या चौसष्ट-बिटी आर्म प्रोसेसरवर तिचा क्रमांक चौसष्ट आहे, आणि रिस्क-फाइव्ह या नव्या प्रोसेसरवरही चौसष्टच. आता कोणी नव्या यादीतला ‘एक’ हा क्रमांक जुन्या बत्तीस-बिटी खिडकीवर दिला तर काय होईल? तिथे एक या क्रमांकाचा अर्थ ‘माझे काम संपले, मला बंद कर’ असा आहे. लिहावयास गेलेली आज्ञावली लिहिण्याऐवजी तिथेच प्राण सोडील, आणि गाभ्याने तर सांगितलेलेच केले!

क्रमांकाचेच नव्हे, तर तो ठेवण्याच्या जागेचेही तसेच. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाचे थोडे खण असतात. क्रमांक कोणत्या खणात, पहिली बाब कोणत्या, दुसरी कोणत्या, हे प्रत्येक जातीचे वेगळे. खिडकीवरची घंटा वाजविण्याची आज्ञाही वेगळी. बत्तीस-बिटी प्रोसेसरांवर तर आणखी एक गंमत आहे. फाइलीतील जागा सांगणारी चौसष्ट-बिटी संख्या एका खणात मावत नाही; तिचे दोन तुकडे करून शेजारच्या दोन खणांत ठेवावे लागतात. आर्मच्या चालू रिवाजाप्रमाणे ही जोडी सम क्रमांकाच्या खणापासूनच सुरू झाली पाहिजे. म्हणून मध्ये एक खण रिकामा सोडावा लागतो. एका सिस्टीम कॉलच्या बाबतीत अशा रिकाम्या खणांमुळे खणच पुरेनात, तेव्हा आर्मसाठी बाबींचा क्रमच बदलून त्याचे दुसरे रूप करावे लागले. काही प्रोसेसर संख्येचा मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग आधी. इथे चूक झाली तर संगणक ओरडत नाही. काही चुकांत लहान फाइलींवर सर्व सुरळीत चालते. फाइल चार अब्ज अक्षरांच्या पलीकडे गेली, म्हणजे मग लेखन भलत्याच जागी होऊ लागते. अशी चूक कित्येक महिने दडून राहू शकते.

नकार देण्याच्या रीतीही निरनिराळ्या. लिनक्स इंटेलवर उणे संख्या परत देऊन नकार कळवितो. फ्रीबीएसडी नावाची प्रणाली त्याच इंटेलवर नकाराची संख्या धन ठेवते आणि प्रोसेसरमधील ‘हातचा’ दाखविणारी खूण उभी करते. पॉवरपीसीवर लिनक्स स्वतः निराळ्याच खुणेचा उपयोग करतो. आणि नकाराचे कारण सांगणाऱ्या संख्या? लिनक्सवर सामान्यतः ११ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, पुन्हा विचार’ आणि ३५ म्हणजे ‘तुम्ही दोघे एकमेकांची वाट अडवून बसला आहात’. फ्रीबीएसडीवर आणि अॅपलच्या मॅकओएसवर बरोबर उलटे: ३५ म्हणजे ‘पुन्हा विचार’ आणि ११ म्हणजे ‘वाट अडली’. एकीकडे ज्या उत्तरावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा, त्याच उत्तरावर दुसरीकडे मागे फिरावयाचे. दुभाष्याने इथे क्षणभर डुलकी घेतली, तर दोन्ही पक्ष प्रामाणिक असून घात व्हावयाचा.

बंगळुरूला दुभाष्यांचे महत्त्व सांगावयास नको. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात, जे इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केले, त्या दरबाराचे वर्णन येते आणि त्यात अनेक भाषांतील रचना आहेत. इंदिरानगरच्या भाजीबाजारात आजही एकाच गाडीपाशी कानडी, तमीळ, तेलुगू, दखनी आणि हिंदी ऐकू येते. अशा गावात राहणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, की भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द देणे नव्हे. दोन्हीकडे शब्द तोच असून कायदा निराळा असू शकतो. आमच्या कामातला खरा अवघड भाग तोच आहे.

याची दोन उदाहरणे देतो. पहिले अधिकार सोडण्याचे. पुष्कळ सेवा सुरू होताना सर्वाधिकार घेऊन सुरू होतात आणि आवश्यक ते काम झाल्यावर ते अधिकार सोडून देतात. हेतू असा, की पुढे कोणी चोर आत शिरलाच, तर त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा लागू नये. प्रमाण-नियम असे सांगतो की अधिकार सोडला म्हणजे त्या आज्ञावलीच्या सर्व धाग्यांनी सोडला. परंतु लिनक्सच्या गाभ्यात अधिकार हा प्रत्येक धाग्याचा वेगळा असतो. हाक मारली ती एका धाग्याने. बाकीचे धागे सर्वाधिकार मिरवीतच राहतात. म्हणून ग्नू सी लायब्ररी प्रत्येक धाग्याला संकेत पाठविते, प्रत्येकाकडून तीच हाक स्वतंत्रपणे मारविते, आणि सर्वांचे झाल्यावरच ‘झाले’ असे सांगते. गो या भाषेच्या लायब्ररीने या बाबतीत जो मार्ग धरला तो मला फार बोधप्रद वाटतो. हे काम नीट करता येत नाही तोवर तिने लिनक्सवर ते करण्याचेच नाकारले. अनेक वर्षे तिच्याकडून ‘ही सोय नाही’ एवढेच उत्तर मिळे; २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.१६ या आवृत्तीत ती सोय पुरी झाली. अर्धवट पाळलेल्या वचनापेक्षा स्पष्ट नकार बरा, हे व्यवहारातले शहाणपण इथेही खरे आहे.

दुसरे उदाहरण फाइल बंद करण्याचे. ‘ही फाइल बंद कर’ अशी हाक मारली आणि मध्येच व्यत्यय आला, असे उत्तर मिळाले. फाइल बंद झाली की नाही? लिनक्सवर ती बंद झालेली असते. एचपी-यूएक्स या प्रणालीवर ती उघडीच राहते. बाकीच्या बहुतेक सर्व ठिकाणी व्यत्यय आला तर पुन्हा हाक मारणे हा योग्य शिष्टाचार आहे. म्हणून कोणी सावध गृहस्थ लिनक्सवरही पुन्हा बंद करावयास जातो. तेवढ्यात तोच क्रमांक दुसऱ्या धाग्याच्या दुसऱ्याच फाइलीला दिला गेलेला असतो, आणि आपला सावध गृहस्थ शेजाऱ्याचे दार बंद करून येतो! नियम एका ठिकाणी गुण, दुसऱ्या ठिकाणी अपराध. हे कोणत्याही कोष्टकात मावत नाही. ते कोणीतरी समजून घ्यावे लागते, लिहून ठेवावे लागते आणि पुढच्या माणसाला सांगावे लागते.

आता कोणी विचारील, की गाभ्याशी बोलण्याचा हक्क तरी सर्वत्र सारखा आहे काय? तोही नाही. लिनक्सचे धोरण, जे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी कठोरपणे राखले आहे, ते असे की एकदा उघडलेली खिडकी बंद करावयाची नाही. चालत असलेली आज्ञावली गाभ्यातल्या बदलामुळे मोडता कामा नये. वचन मोठे आहे, आणि त्याची किंमतही आहे. ‘या फाइलीची माहिती सांग’ या एकाच प्रश्नासाठी बत्तीस-बिटी इंटेलवर आज चार खिडक्या आहेत, क्रमांक १८, १०६, १९५ आणि ३८३. प्रत्येक पिढीला आधीची खिडकी अरुंद वाटली. नवी उघडली, पण जुनी बुजविता आली नाही.

विंडोजचे धोरण याच्या उलट. तिथे गाभ्याच्या खिडक्यांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात. मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेल्या लायब्ररीमार्फतच बोलावयाचे. अॅपलचेही तसेच. गो भाषेतील आज्ञावली पूर्वी मॅकवर गाभ्याशी परस्पर बोलत असत. २०१६ मध्ये सिएरा ही मॅकओएसची आवृत्ती आली. तिच्यात वेळ विचारण्याच्या हाकेचे अंतरंग बदलले, आणि गो १.७ च्या आधी बांधलेल्या आज्ञावली तिच्यावर नीट चालेनाशा झाल्या. पुढे २०१८ आणि २०१९ मधल्या आवृत्त्यांत गोने आपला हट्ट सोडला व अॅपलच्या लायब्ररीमार्फत बोलण्यास सुरुवात केली. ओपनबीएसडी तर २०२४ च्या एप्रिलमधील ७.५ या आवृत्तीत आणखी पुढे गेली. तिथे हाक ठरलेल्या जागेवरूनच यावी लागते. भलत्या जागेवरून आली तर ती मारणाऱ्या आज्ञावलीलाच गाभा बंद करतो, कारण तशी हाक बहुधा चोराची असते. कोणते धोरण बरोबर? मला वाटते, दोन्ही प्रामाणिक आहेत. एकाने रयतेला वचन दिले, दुसऱ्याने दाराला पहारा दिला. दुभाष्याला मात्र दोन्ही पाळावी लागतात.

या सर्वांवर काळ नावाचा आणखी एक गृहस्थ बसला आहे. युनिक्सच्या घराण्यात वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या सेकंदांत. जुन्या बत्तीस-बिटी यंत्रांवर ही संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. ती मर्यादा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला त्या यंत्रांच्या लेखी डिसेंबर १९०१ उजाडेल. आपणांस वाटेल, अशी जुनी यंत्रे तोवर कशाला राहतील? परंतु फोन बदलतो तसे सगळेच बदलत नाही. कारखान्यातली नियंत्रक यंत्रे, वीज मोजणारी साधने, इमारतीत बसविलेली उपकरणे ही पंधरा-वीस वर्षे काम करण्यासाठीच घेतलेली असतात.

लिनक्सच्या गाभ्याने २०१९ साली, ५.१ या आवृत्तीत, बत्तीस-बिटी यंत्रांसाठी वेळेच्या नव्या, रुंद खिडक्या उघडल्या. ग्नू सी लायब्ररीने २०२१ च्या ऑगस्टमधील २.३४ या आवृत्तीत त्यांचा उपयोग आज्ञावलींना खुला केला. पण खिडकी उघडल्याने काम संपत नाही. एका लायब्ररीने वेळेची जागा चार अक्षरांची धरली आणि शेजारणीने आठ अक्षरांची, तर दोघींमध्ये जाणाऱ्या प्रत्येक नोंदीचे रकाने सरकतात. आणि बांधून तयार झालेल्या आज्ञावलीला ते कळत नाही. म्हणून डेबियन या प्रसिद्ध लिनक्स-संचाच्या कार्यकर्त्यांना आर्मच्या बत्तीस-बिटी शाखेतील आज्ञावली मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधाव्या लागल्या; ते परिवर्तन ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या तेराव्या आवृत्तीत पदरात पडले. बत्तीस-बिटी इंटेलची शाखा मात्र त्यांनी मुद्दाम जुन्या मापावरच ठेवली, कारण तिचा मुख्य उपयोगच जुन्या बांधीव आज्ञावली चालविण्याचा आहे. घराची डागडुजी करताना कोणती भिंत पाडावी आणि कोणती तशीच ठेवावी, याचा हा विवेक आहे.

उलट बाजूने रिस्क-फाइव्हची बत्तीस-बिटी शाखा पाहा. ती उशिरा जन्मली, म्हणून गाभ्याने तिला जुन्या अरुंद खिडक्या दिल्याच नाहीत. वाटेल, की हे तर बरेच झाले! परंतु लायब्ररीतल्या शेकडो ओळी ‘जुनी खिडकी असणारच’ असे धरून लिहिलेल्या होत्या. वेळ विचारण्याची जुनी हाक नाही. मूल-आज्ञावलीची वाट पाहण्याची एक जुनी हाकही नाही, ती दुसऱ्या हाकेवर रचून द्यावी लागते. हे सारे पुरे होऊन ग्नू सी लायब्ररीत या शाखेला प्रवेश मिळाला तो २०२१ च्या फेब्रुवारीत. नवजात बालकही जुन्या घराला आपल्या खोडी काढावयास लावते, ते असे.

हे काम करतात कोण? ग्नू सी लायब्ररीचा आरंभ रोलंड मॅकग्रा या अमेरिकन मुलाने १९८० नंतरच्या दशकात, विशीच्या आतच, केला. पुढे अनेक देशांतल्या माणसांनी तिला वाढविले. २०१७ साली तिच्या २.२५ आणि २.२६ या लागोपाठच्या दोन आवृत्त्या प्रसिद्ध करण्याची जबाबदारी सिद्धेश पोयरेकर यांनी सांभाळली. आडनावावरून आपण त्यांचे नाते ओळखले असेलच. आवृत्ती प्रसिद्ध करणे म्हणजे फीत कापणे नव्हे. कोणता बदल आत घ्यावा, कोणता पुढच्या खेपेपर्यंत थांबवावा, प्रत्येक प्रोसेसरच्या जबाबदार माणसाकडून चाचण्यांचे निकाल मिळाले की नाही, हे पाहावे लागते, आणि वेळप्रसंगी जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही ‘या वेळी नाही’ असे नम्रपणे सांगावे लागते.

या देखभालीच्या काही रीती मुरलेल्या आहेत. पहिली रीत, दिलेले नाव परत घ्यावयाचे नाही. एखाद्या हाकेचा अर्थ बदलावा लागला, तर जुने नाव जुन्या अर्थासह ठेवावयाचे व नव्याला नवा शिक्का द्यावयाचा. जुन्या सनदा नव्या राज्यात चालू ठेवाव्यात, तसे. दुसरी रीत, आवरते घेण्याची. गो भाषेच्या मूळ संचातील सिस्टीम कॉलची लायब्ररी वाढत वाढत इतकी अवजड झाली की २०१४ च्या डिसेंबरात, १.४ या आवृत्तीबरोबर, ती गोठविण्यात आली आणि पुढची वाढ वेगळ्या संचात नेण्यात आली. तिसरी रीत, कोष्टके हाताने न लिहिता गाभ्याच्याच नोंदींवरून यंत्राकडून लिहवून घेण्याची. कारण हाताने उतरविलेल्या चारशे क्रमांकांत एक चुकणारच. आणि चौथी, जी सर्वांत कठीण, ती म्हणजे स्वतःजवळ नसलेल्या यंत्राची जबाबदारी घेण्याची. इंदिरानगरातल्या माझ्या टेबलावर दोन-तीन जातींचे संगणक आहेत; पंधरा जातींचे कोठून असणार? फाब्रिस बेलार यांनी २००३ साली पुढे आणलेला क्यूईएमयू हा नकली यंत्र उभे करणारा कार्यक्रम आम्हांला पुष्कळ तारतो. पण त्याच्यावर चाचणी उतरली म्हणजे खऱ्या यंत्रावर उतरलीच असे नाही, आणि बांधकाम पुरे झाले म्हणजे घर राहण्याजोगे झाले असेही नाही.

श्रोतेहो, येथवर तंत्राची गोष्ट झाली. परंतु या कामात खरे पणाला लागते ते तंत्र नव्हे, विश्वास. याची जाणीव जगाला मार्च २०२४ मध्ये झाली. एक्सझेड या नावाची, फाइली आवळून लहान करणारी एक लायब्ररी आहे. तिचा भार बहुतांशी एका माणसाच्या खांद्यावर होता. त्याच्या थकव्याचा फायदा घेऊन एका सहायकाने दोन-अडीच वर्षांत त्याचा विश्वास संपादन केला आणि अखेर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसविले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. त्याने त्याचा पाठपुरावा केला, आणि २९ मार्च रोजी ते दार जगाला दाखवून दिले.

त्या प्रकरणातील एक लहान तपशील आमच्या धंद्याला फार लागून आहे. लिनक्समध्ये लँडलॉक नावाची सिस्टीम कॉलची एक सोय आहे. तिच्या योगाने आज्ञावली आपल्याच हाताने आपल्यावर बंधने घालून घेते. ही सोय या संगणकावर आहे की नाही हे पाहण्यासाठी बांधणीच्या वेळी दोन-चार ओळींची एक चाचणी केली जाते. त्या चाचणीत एके ठिकाणी एक टिंब, केवळ एक पूर्णविराम, घातलेला आढळला. त्या टिंबामुळे चाचणी नेहमीच अयशस्वी होई. ‘सोय उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष निघे, आणि बंधन गुपचूप गळून पडे. कोणी काही मोडले नव्हते. फक्त ‘इथे ही खिडकी नाही’ असे खोटेच सांगितले होते. निरनिराळ्या यंत्रांवर चालणाऱ्या लायब्ररीत अशा चाचण्या शेकड्यांनी असतात, आणि त्यांतील एखादी अयशस्वी झाली तर कोणाला नवल वाटत नाही. तिथेच चोराला जागा मिळाली.

म्हणून मला वाटते की अशा कामाकडे समाजाने ‘फुकट मिळते’ एवढ्याच दृष्टीने पाहू नये. विहीर गावाची असली, तरी तिचा गाळ काढण्याची पाळी कोणाची तरी ठरवावी लागते. पाळी ठरली नाही तर दोनच गोष्टी होतात. एक तर एखादा भला माणूस एकटाच गाळ काढीत झिजतो. नाही तर कोणी भलताच, ‘मी काढतो’ म्हणून, विहिरीत उतरतो. या लायब्रऱ्यांवर ज्यांचा व्यापार चालतो त्यांनी देखभालीसाठी माणसांचा वेळ दिला पाहिजे, पैसा दिला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका माणसाच्या जागी दोन-तीन माणसे जाणती होतील असे पाहिले पाहिजे.

आपल्या देशाला तर याची निकड अधिक आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तिने उभा केला, तेव्हा आपल्याला यंत्र बनविता येते हे सिद्ध झाले. आज सी-डॅकचा वेगा आणि मद्रासच्या आय. आय. टी.चा शक्ती हे रिस्क-फाइव्हच्या धर्तीवरचे प्रोसेसर आपल्या देशात घडले आहेत. परंतु प्रोसेसर कितीही चांगला असला, तरी त्याच्या दारावर बोलका दुभाषी बसल्याखेरीज तो मुकाच. तो दुभाषी जगातल्या सर्वांच्या सामाईक लायब्रऱ्यांतच घडतो. तिथे आपली माणसे रोज बसलेली हवीत, केवळ अडचण आली म्हणजे दार ठोठावणारी नकोत.

नागपूर, नांदेड, रत्नागिरी, बेळगाव, जिथे कोठे हे भाषण ऐकणारे तरुण विद्यार्थी असतील, त्यांना मी एवढेच सुचवीन, की नवे काही बनविण्याची हौस जरूर बाळगा. पण एखादी जुनी, चालती, सर्वांच्या उपयोगाची लायब्ररी उघडून ती वाचा. एक क्रमांक तपासून पाहा. एक चाचणी आपल्याजवळच्या यंत्रावर चालवून तिचा निकाल कळवा. मोठ्या विद्वत्तेची तिथे प्रथम गरज नसते. गरज असते ती जे दिसले तेच लिहिण्याची, आणि उद्या पुन्हा येऊन बसण्याची. १९ जानेवारी २०३८ च्या त्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी काहीच घडले नाही, कोणाचे यंत्र थांबले नाही, कोणाच्या घरी त्याची बोलवाही झाली नाही, तर समजावे की या दुभाष्यांनी आपले काम चोख केले.